नुमाइशीच्या मैदानाची दोन टोके

त्या वेळी मी धाराशिवला तहसील कचेरीत नक्कलनवीस होतो. कचेरीच्या कागदांवर गावाचे नाव उस्मानाबाद असे, बाजारात धाराशिव. दिवसभर मी पहिले नाव लिहीत असे आणि संध्याकाळी दुसऱ्या नावाच्या गावात परतत असे. एका गल्लीत मागच्या बाजूची खोली घेतली होती. तिच्यात चूल होती आणि खाट होती. पत्नी वारल्यानंतर मी तेर सोडून येथे आलो होतो.

लढाई चालू होती. रॉकेल मिळत नसे, त्यामुळे गाव लवकर झोपे. अशा दिवसांत, थंडीच्या सुरुवातीला, गावाबाहेरच्या मैदानावर सरकारी नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, भरणार अशी दवंडी फिरली. हैदराबादहून यंत्रे येणार होती. दवंडीवाला एक गोष्ट मुद्दाम पुन्हा पुन्हा सांगे. येथे यंत्रांना हात लावायला मनाई नाही. हात लावावा, चालवून पाहावे.

आमच्या गल्लीतला किराणा दुकानदार म्हणाला, "आन् हात तुटला तर सरकार दुसरा देनार का?"

"तुमचा तुटला तर मापात फरक पडंल," गिऱ्हाइकांतला एक म्हणाला. लोक हसले. दुकानदारही हसला, पण तराजू खाली ठेवून.

कचेरी सुटल्यावर मी एकटा गेलो. बरोबर नेण्यासारखे कोणी नव्हते.

मैदानाच्या दोन्ही कडांना कनातींची रांग होती. दाराशी उर्दूत आणि खाली मराठीत पाटी होती: हात लावून पाहा. भुईमुगाच्या शेंगा फोडायचे यंत्र होते. त्याचा दांडा हलवायला शेतकऱ्यांची झुंबड होती. एका सायकलीचे मागचे चाक जमिनीपासून उचललेले होते. पायडल मारले की समोरचा दिवा लागे. एक पैलवान तिच्यावर बसला आणि त्याने दिवा इतका तापवला की तो फुटला. ईट गावच्या एका लोहाराने ज्वारीवरची पाखरे हाकलायला वाऱ्यावर वाजणारी टाळ्यांची फिरकी आणली होती. तिच्यापाशी गर्दी कमी होती, पण ती खरोखर वाजत होती.

पुढच्या कनातीत विजेची साखळी होती. दहाबारा माणसांनी हात धरून उभे राहायचे, पहिल्याने आणि शेवटच्याने पितळी मुठी धरायच्या, मग मदतनीस चाक फिरवी आणि सर्वांच्या हातांतून मुंग्या जात. साखळी पुन्हा पुन्हा मोडे, कारण कोणी तरी शेजाऱ्याचा हात धरायला तयार नसे. 'तू कोनचा?' हा प्रश्न विजेच्या आधी त्या रांगेतून फिरत असे. मला कोणी विचारले नाही. डावीकडे एक पिंजारी होता, उजवीकडे एक म्हातारा हटकर. चाक फिरले, हात थरथरले, लोक ओरडले. माणसाचा हात हातात घेऊन फार दिवस झाले होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. मदतनीसाने सोडा म्हटल्यावर मी सोडला.

सर्वांत मोठी रांग टेलिफोनची होती. मैदानाच्या पूर्व टोकाला एक कनात, पश्चिम टोकाला दुसरी. प्रत्येकीत भिंतीला लावतात तशी लाकडी पेटी खांबावर ठोकलेली. पेटीच्या तोंडाशी बोलायचे आणि बाजूला टांगलेला काळा भोंगा कानाला लावायचा. दोन्ही पेट्यांमध्ये, खांबांवरून, तार ताणलेली होती. मैदान एवढे मोठे होते की एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला पोहोचत नसे. म्हणूनच ते मैदान निवडले होते.

मी बराच वेळ बाजूला उभा राहून पाहिले. पहिले वाक्य प्रत्येकाचे एकच असे: "ऐकू येतंय का?" पलीकडून "येतंय, येतंय!" असे आले की बोलणाऱ्याचा चेहरा उजळे आणि मग त्याला पुढे काय बोलावे ते सुचत नसे. पुष्कळजण बैलांची चौकशी करत. एक जण इतक्या मोठ्याने ओरडत होता की त्याच्या मागचा म्हणाला, "अरे, मग तार कशाला पायजे? तसंच वरड!" एका सुनेला तिच्या नवऱ्याने हौसेने भोंगा दिला. पलीकडे सासरा होता. त्याचा आवाज कानात येताच तिने झटकन पदर पुढे ओढला आणि पेटीकडे पाठ केली. मग नवऱ्याने विचारले, "का गं?" ती म्हणाली, "मामंजी हायेत की यात." त्या बाईला मी हसलो नाही. ती बरोबर होती.

माझी पाळी आली. पेटीजवळ हैदराबादचा एक तरुण होता, फेज टोपी घातलेला. त्याने विचारले, "उधर कौन है?"

"कोई नहीं," मी म्हणालो.

"अरे मियाँ, जोडी होना. इधर एक, उधर एक. अकेला आदमी किससे बात करेंगा, हवा से?"

रांगेतले लोक हसले. मी बाजूला झालो. अपमान करण्याचा त्याचा हेतू नव्हता. यंत्राचा नियमच तसा होता.

येथे आप्पांविषयी सांगितले पाहिजे. आप्पा म्हणजे माझे वडील. तेरला आमची थोडी शेती आणि भुसार मालाचे लहानसे दुकान होते. माझी आई मी लहान असतानाच वारली. आप्पांनी दुसरे लग्न केले नाही. मला आणि माझ्या थोरल्या भावाला त्यांनी स्वतःच्या हाताने भाकरी करून घातल्या. माझी पत्नी वारली तेव्हा वर्ष पुरे होण्याच्या आत त्यांनी माकणीच्या एका घरी माझ्यासाठी शब्द दिला. मी लग्न करणार नाही असे कळवले. त्यांनी ते मानले नाही. दिवस ठरला की मुलगा येतो, असा त्यांचा हिशेब होता. दिवस ठरला. मी गेलो नाही. माकणीची माणसे जेवणाच्या पंगतीवरून उठून गेली. आप्पा त्यांच्या मागोमाग माकणीला गेले, पटका उतरवून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवला आणि परत येऊन उत्तरेश्वराच्या देवळात बेलभंडार उचलला: याचे तोंड पाहणार नाही.

ती मुलगी पुढे चांगल्या घरी पडली. पण बेलभंडार उचलला होता. आमच्याकडे ती शपथ मोडत नाहीत. मोडली तर ती घरातल्या लेकरावर उलटते, असे मानतात. आणि घरात माझ्या भावाचे लेकरू होते.

कोण बरोबर होते याचा निवाडा मला करायचा नाही. दोघांनीही आपापले म्हणणे एकदाच सांगितले होते. दुसऱ्यांदा सांगण्याची आमच्या घरात रीत नव्हती.

शपथ पाळण्याची व्यवस्था गावाने करून दिली होती. मी कामासाठी तेरला गेलो की आमच्या शेजारचे तांबोळी चाचा माझ्यापुढे चालत आणि मोठ्याने खाकरत. ते ऐकून आप्पा दुकानाच्या आत जात. चाचांचे पानाचे दुकान आमच्या दुकानाला लागून होते. दोघांची मैत्री जुनी. चाचा म्हणत, "माझा घसा तुम्हा बाप-लेकांनी बसवला." अशी दोन वर्षे गेली होती. मला फक्त एकदा आप्पांचा आवाज ऐकायचा होता. दुसरे काही मागायचे नव्हते.

बाजाराच्या दिवशी मी पुन्हा नुमाइशीत गेलो. पूर्वेकडच्या टेलिफोनपाशी उभा होतो. तेवढ्यात ओळखीचे खाकरणे कानावर आले आणि पाठोपाठ आवाज, "तोंड फिरव, पोरा! आप्पा आल्यात."

मी कनातीच्या कापडाकडे तोंड केले. चाचा जवळ येऊन धापा टाकू लागले. तेरहून पाचसहा गाड्या आल्या होत्या. आप्पांना शेंगा फोडायचे यंत्र पाहायचे होते.

"कुठवर गेले?" मी विचारले.

"गेले त्या अंगाला. फिर आता. काय करतो इथं?"

"पाहतो."

चाचांनी टेलिफोन पाहिला. मग दुसरे टोक पाहिले. पान तोंडात या गालातून त्या गालात गेले. "ह्यातून त्या टोकाचं बोलनं ऐकू येतं?"

"येतं."

"तोंड दिसतं का?"

"नाही."

ते एवढ्यावरच निघाले. मैदान ओलांडून गेले, पुष्कळ वेळ लागला, आणि परत आले. आप्पांशी काय बोलणे झाले ते त्यांनी मला तेथेच सांगितले. "म्या म्हनलं, आप्पा, भंडार उचलला तवा तुम्ही तोंड बघनार न्हाय म्हनलात. कान बंद करतो असं कुठं म्हनलात? आप्पा म्हनले, आवाज ऐकला म्हंजी मानूस भेटल्यावानीच झालं. म्या म्हनलं, मानूस कुठं हाय त्यात? लाकडाची पेटी हाय, सरकारची. तिच्याशी बोला. आप्पा म्हनले, रांग कुठली?"

मी रांगेत उभा राहिलो. फेज टोपीवाल्याने मला ओळखले. "मिल गया जोडीदार?" मी मान हलवली.

भोंगा कानाला लावला. आत एक बारीक खरखर होती. मी म्हणालो, "ऐकू येतंय का?"

पलीकडे श्वास ऐकू आला. मग, "व्हय."

आवाज त्यांचाच होता, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लहान झालेला. पुढे काय बोलावे ते मलाही सुचले नाही. आप्पाच बोलले.

"भाकरी कोन करतं?"

"मीच."

"कशा होतात?"

"कडा कच्च्या राहतात."

खरखर. मग ते म्हणाले, "तवा तापू देत न्हाईस. आदी तवा तापू द्यावा. पानी लावलं की लगीच उलटू नये. म्या केल्यात. मला ठावं हाय."

"बरं," मी म्हणालो.

"रातच्याला दिवा—" एवढे ते म्हणाले, आणि फेज टोपीवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बस जी, बहुत हुआ. लोगाँ खडे हैं." पलीकडेही कोणी तसेच सांगितले असावे. खरखर थांबली.

दिव्याविषयी त्यांना काय विचारायचे होते, ते कळले नाही.

मी बाहेर आलो आणि पश्चिमेकडे पाहिले. मैदानाच्या त्या टोकाला आप्पा कनातीबाहेर आले होते. माझ्याकडे त्यांची पाठ होती. पांढरा पटका आणि घोंगडी घेतलेले खांदे, एवढेच दिसत होते. ते वाकून वहाणा घालत होते. चाचांनी नंतर सांगितले की पेटीशी जाण्याआधी त्यांनी वहाणा काढून ठेवल्या होत्या. ते तसेच पाठमोरे गाड्यांकडे गेले.

निघताना चाचा मला म्हणाले, "येत्या बाजाराला परत आनतो. नुमाइश हाय तवर. आप्पा स्वतःहून म्हनले."

तो आठवडा मी तवा तापू दिला. भाकऱ्या बऱ्या झाल्या. बोलायच्या गोष्टी मी मनात जुळवून ठेवल्या. दिव्याचे उत्तरही ठरवले: रॉकेल मिळत नाही, पण मला दिव्याची गरज पडत नाही. हे पूर्ण खरे नव्हते, पण सांगण्यासारखे होते.

बाजाराच्या दोन दिवस आधी जवळच्या एका गावात पटकीची लागण झाल्याची बातमी आली. माणसे जमवू नयेत असा हुकूम निघाला. त्या हुकमाची नक्कल मीच केली. दुसऱ्या दिवशी कनाती उतरल्या, यंत्रे गवतात गुंडाळून मोटारीत चढली. तारेची वेटोळी करून नेली. तेरला निरोप पाठवायला मी माणूस शोधला. पटकीच्या भीतीने त्या वाटेला जायला कोणी तयार झाले नाही.

बाजारही भरला नव्हता. तरी मी सकाळी मैदानावर जाऊन थांबलो. आप्पा निघाले असतील तर त्यांना मधल्या गावात कोणी अडवणार नाही, आणि अडवले तरी ते थांबणार नाहीत, हे मला माहीत होते.

ऊन चढल्यावर एकच गाडी आली. ती पश्चिमेकडून मैदानात शिरली. मी पूर्व टोकाला उभा होतो, जेथे पेटीचा खांब उपटल्याचा खड्डा होता. मी पाठ फिरवली. चाचांचे खाकरणे या वेळी ऐकू आले नाही; अंतर फार होते. काही वेळाने ते स्वतः चालत आले.

"उठवली व्हय रं नुमाइश?"

"उठवली."

"आमाला काय ठाव! आप्पा रातीपासनं तयार बसलेले." त्यांनी मैदानभर नजर फिरवली. तेथे शेंगांची टरफले होती, विझलेल्या चुली होत्या, एक मोडकी खुर्ची होती. "एक कर. पटक्याचा शेव घे तोंडावर सुनेवानी, आन् चल माझ्यासंगं. बोला दोगं समोरासमोर."

"आप्पांना विचारा," मी म्हणालो.

ते गेले आणि पुन्हा आले. आता त्यांना चालवत नव्हते. "आप्पा म्हनतात, सोंग घेऊन देवाला फसवू नये. पेटी होती ती येगळी गोष्ट. ती सरकारनं ठिवली होती, आपन न्हाय."

ते म्हणणे मला समजले. मीही तेच म्हणालो असतो.

"मग?"

"मग काय! बघतो, आप्पा म्हनले." चाचा परत गेले आणि गाडीशी, बैलांच्या पुढ्यात बसले.

मी मान थोडी वळवून पाहिले. आप्पा गाडीतून उतरले होते. ते त्यांच्या टोकाच्या खड्ड्यापाशी गेले. वहाणा काढल्या. माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मग मीही पूर्ण वळलो, कारण आता त्यांना माझे तोंड दिसण्याची भीती नव्हती. मधे सारे मैदान मोकळे होते. वारा माझ्या पाठीमागून त्यांच्याकडे वाहत होता. त्यांचा उजवा हात कानाकडे गेल्यासारखा वाटला. पटका सावरत असतील, असे मला वाटले.

ते बराच वेळ तसे उभे होते. मीही होतो. ते काय ठरवत आहेत ते मला कळेना, आणि मी जवळ गेलो व ते वळले तर शपथ मोडेल, म्हणून जागचा हललो नाही. चाचा काही निरोप आणतील असे वाटत होते. त्यांनी निरोप आणला नाही. शेवटी आप्पा वाकले, वहाणा घातल्या आणि गाडीत चढले. गाडी मैदानाच्या कडेने वळली आणि तेरच्या रस्त्याला लागली.

त्यानंतर आप्पा धाराशिवच्या बाजाराला कधी आले नाहीत. त्यांनी शपथ अधिक कडक केली, असा मी अर्थ लावला. मीही तेरला जाणे कमी केले. भाकऱ्या मी त्यांनी सांगितल्याप्रमाणेच करत राहिलो.

आप्पा वारले ते रझाकारांच्या धामधुमीच्या उन्हाळ्यात. रस्ते बंद होते, गाड्या निघत नव्हत्या. निरोप पोहोचून मी तेरला चालत गेलो तोवर त्यांना मूठमाती देऊन झाली होती. आमच्यात बसवून पुरतात. कोणत्या दिशेला तोंड करून बसवले, ते भावाने दाखवले.

संध्याकाळी मी चाचांच्या दुकानात जाऊन बसलो. आमचे दुकान बंद होते. या वेळी चाचांना खाकरण्याचे कारण नव्हते. ते पाने पुसत होते. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले,

"त्या दिशी मैदानात तू बोलला का न्हाईस, पोरा?"

"कधी?"

"नुमाइश उठलेली तवा. आप्पा खड्ड्यापाशी हुबे राहून इचारत हुते. एकदा इचारलं, थांबले. परत इचारलं. तू काय बी बोलला न्हाईस. गाडीत बसल्यावर म्हनले, जाऊ दे, त्याच्या मनात न्हाय."

"काय विचारलं?"

"ऐकू येतंय का, म्हून."

मला ऐकू आले नव्हते, असे मी सांगितले.

चाचा पानाला चुना लावत राहिले. मग ते पान त्यांनी बाजूला टाकले, चुना जास्त झाला म्हणाले, आणि माझ्यासाठी दुसरे घेतले.